निवळलं का?

कामरगावच्या शाळेत मी मराठी शिकवायचो आणि तो प्रयोगशाळेत परिचर होता. मला तो कधीच आवडला नाही. "उकळू द्याचं नाई, सर," असं म्हणत तो कोमट पाण्यात लोखंडाच्या क्षाराचे थेंब सोडायचा. बोलताना बघायचा मात्र बाटलीकडे. पाणी कोऱ्या चहासारखं तांबडं व्हायचं आणि महिना लोटला तरी तळाशी गाळ बसायचा नाही.

"लोखंडाचा गंजच हाय, पन लय बारीक. तरंगूनच राह्यते."

गंज तरंगतो, हे मला पटेना. हा दारू गाळतो की चोरून रंग विकतो? मी रोज जाऊन विचारायचो, "निवळलं का?" तो नुसता हसायचा.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरीचं पाणी गढूळ यायचं, म्हणून शाळेच्या रांजणापाशी तुरटी असायची. एका दुपारी तो जेवायला गेल्यावर मी तिचा खडा त्याच्या बाटलीत टाकला. दुसऱ्या दिवशी तळाला तांबडा गाळ होता आणि वर नितळ पाणी.

त्याने कोणालाच काही विचारलं नाही. बाटली आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"पानी तं निवळलं, सर. तुमी कवा निवळसान?"