पडद्यावरच्या मुंग्या

बाबली कधी वेळेवर आला, असं गोव्यातल्या आमच्या साखळी गावात कुणी सांगितलं तर मी त्याला सरळ खोटारडा म्हणेन. सकाळी येतो म्हणायचा आणि जेवणवेळेला उगवायचा, तेही वाटेत आणखी दोन घरांच्या छपरांवर चढून. माझं दुकान विजेच्या सामानाचं. टीव्हीच्या अँटिना मी विकायचो आणि बसवायचा तो. गिऱ्हाईक माझ्या डोक्यावर बसलेलं असायचं आणि हा कुठल्या तरी कौलांवर. मी चिडायचो, शिव्या घालायचो. पण एकदा तो आला की गिऱ्हाईक माझ्याकडे पाठ फिरवायचं, कारण बाबलीच्या हाताला चित्र यायचं.

आमचा भाग सगळा खळग्यांचा. घरं कुळागरांत, म्हणजे माड-पोफळीच्या बागांत बुडालेली आणि पणजीचा टीव्हीचा मनोरा डोंगरांपलीकडे. अँटिना नैऋत्येला तोंड करून उभी करायची, तीही पोफळीच्या उंच सोटावर. बाबली लोखंडी पट्टी वापरत नसे, पावसात ती गंजते म्हणायचा. सुंभाने बांधायचा आणि ती गाठ वर्षानुवर्षं टिकायची. पार पेडण्यापर्यंत जायचा. ॲल्युमिनियमच्या नळ्या खांद्यावर घेऊन बसमध्ये चढायचा आणि कंडक्टरशी भांडत उतरायचा. मोरजीला त्याची बहीण सरस्वती दिलेली होती. तिच्या वाड्यावरची एकूण एक अँटिना यानेच उभी केलेली.

त्याची एक पद्धत होती. स्वतः वर चढायचा आणि घरातल्या बाईला जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशी, उभी करायचा. वरून ओरडायचा, "आयलें?" खालून उत्तर यायचं, "ना!" मग बोटभर फिरवायचा. "आयलें?" "मातशें आयलें!" असं करत करत एकदाचं चित्र स्वच्छ व्हायचं. पुरुषाला तो जनेलापाशी उभा करत नसे. दादले जेवणाच्या घाईत आयलें म्हणून मोकळे होतात, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते खरंच होतं.

एवढं सगळं करून याच्या स्वतःच्या घरी मात्र मुंग्या. कमजोर सिग्नलला पडद्यावर जे काळेपांढरे ठिपके वळवळतात त्यांना आपण मुंग्या म्हणतो. बाबलीची बायको शेवंती त्यांना मुयो म्हणायची. जवळच्या सर्वण गावी भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, कुळागरात यांचं बुटकं घर, चारी बाजूंनी माड-पोफळी आणि मागे डोंगर. आभाळ काय ते अंगणावर तेवढं दिसायचं. बाबलीने सोटाला सोट जोडून अँटिना किती उंच नेली, तरी मुंग्या काही हटल्या नाहीत. मी त्याला चिडवायचो, "जगाचं चित्र सुधारतोस आणि घरात वारूळ!" तो हसायचा आणि बिडी पेटवायचा.

त्या अंगणात एक माड होता. लग्नानंतर फार उशिरा त्यांना मुलगा झाला, गौरेश. त्याच्या बारशाच्या दिवशी शेवंतीवैनीने कोंब आलेला नारळ अंगणाच्या कडेला लावला. ते झाड घरात गौरेशाचो माड म्हणूनच ओळखलं जाई. पहिला नारळ उतरला तो देवळात गेला. पोर आणि माड दोन्ही सडसडीत वाढले. वैनी दोघांवर सारखीच ओरडायची आणि दोघांना सारखंच जपायची.

गौरेशला पखवाजाचा नाद. गावच्या भजनी पथकात तो आणि शेजारचा साईश, दोघेही पखवाज शिकले, पण हात गौरेशचा चांगला असं सगळे म्हणत. पथकाला पणजीला दूरदर्शनवर बोलावणं आलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. वैनीने पांढरा सदरा स्वतः धुऊन, इस्त्री करून दिला. संध्याकाळी पोर परत आलं ते सुजलेली बोटं घेऊन. वैनीने गरम हळद लावली आणि साऱ्या वाड्यावर सांगत फिरली की आमच्या गौरेशाने बोटं सुजेपर्यंत पखवाज वाजवला. माझ्या दुकानात येऊनसुद्धा सांगितलं. मी म्हटलं, वैनी, आता तुमच्या पोराला टीव्हीवर बघायला सगळी साखळी बसणार.

भजन चवथीच्या दिवसांत दाखवलं. गणपतीपुढे समई तेवत असताना घर सोडून दुसऱ्याच्या टीव्हीपुढे बसणं वैनीला पटण्यासारखं नव्हतं. ती आपल्याच पडद्यापुढे बसली आणि गौरेश तिच्या शेजारी. बाबली कुठे असणार? छपरावर. "आयलें?" "ना!" "आतां?" आणि मग घरातून वैनीचा आवाज फुटला, "दिसलो! आमचो गौरेश दिसलो! पखवाज घेवन बसला!" बाबलीने सोट दोन्ही हातांनी तसाच धरून ठेवला, कारण सोडला की चित्र जायचं. भजन संपेपर्यंत तो वरच होता. खाली उतरला तेव्हा पडद्यावर बातम्या लागल्या होत्या. गौरेश एवढंच म्हणाला, "आई, भूक लागल्या, वाड."

तेविसाव्या वर्षी गौरेश गेला. साखळीहून दुचाकीने घरी येत होता आणि वळणावर घसरला. त्याचा मोबाईल त्याच्याबरोबरच चिरडला आणि त्यात जे काही होतं ते गेलं. घरात फोटो होते, पण फोटोतलं माणूस हलत नाही. पोराचं हलतं चित्र एकच उरलं होतं, ते भजनातलं. चवथीत कधी कधी ते पुन्हा दाखवत. त्याची प्रत मिळेल का, हे बाबली पणजीला जाऊन विचारून आला. तिथल्या माणसाने नीट बसवून घेतलं आणि सांगितलं की जुनी टेप आहे, लावू तेव्हा बघा.

म्हणजे वैनीचं वर्ष चवथीपासून चवथीपर्यंत चालायला लागलं. ज्या वर्षी भजन लागे त्या वर्षी ती मुंग्यांच्या आड गौरेशला बघे आणि नवरा वर सोट धरून उभा असे. दुसऱ्या दिवशी मला सांगायची, "कसो मान कलती घालून वाजयता पळय. ताचीच खोड ती." बाबलीने एकदाही बघितलं नाही, आणि चवथीच्या दिवसांत दुकानातल्या गर्दीमुळे मीही कधी बघितलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, मी येतो आणि धरतो सोट, तू बस खाली. तर म्हणाला, "तुज्या हातान मुयोच येतल्यो, शेट." मला राग आला.

मग पणजीचा तो जुना मनोरा बंद झाला. सगळीकडचेच मनोरे बंद होत होते. एके दिवशी बाबलीच्या पडद्यावर फक्त मुंग्या राहिल्या, त्यांच्या आड काही नाही. हा रोज वर चढतोय, सोट फिरवतोय, सुंभ सोडतोय, बांधतोय. शेवटी मीच सर्वणला जाऊन खालून ओरडलो, "अरे खुळ्या, तिथून आता काहीच येत नाही! छत्री लाव!" तो वरून माझ्याकडे असा बघत राहिला की मीच मान खाली घातली. सबंध आयुष्य ज्या दिशेला तोंड केलं तिथे आता काही नाही, हे त्याला माझ्याकडून कळायला नको होतं.

छत्री म्हणजे डिश. पणजीची वाहिनी त्या छत्रीवर फुकट दिसते आणि ती लावण्यात बाबली महिन्याभरात तयार झाला. गावोगाव लावल्या त्याने. पण छत्रीचं तोंड आग्नेयेला, वर आभाळात करावं लागतं आणि मध्ये पान आडवं आलेलंही तिला खपत नाही. बाबलीच्या घरी त्या दिशेला आभाळाचा एकच तुकडा मोकळा होता, अंगणावरचा. आणि त्याच तुकड्यात गौरेशाच्या माडाचा शेंडा.

त्याने काय नाही केलं! छत्री गोठ्यावर नेली, विहिरीच्या कठड्यावर नेली, मागच्या पडवीवर नेली. सगळीकडे भाटकाराची झाडं, आणि त्यांच्या फांदीलाही हात लावायची सोय नव्हती. शेवटी घराच्या कौलांवरच, अंगणाकडे तोंड करून लावली. वारा पडला की चित्र यायचं. झावळ हलली की चित्राचे चौकोन व्हायचे, तोंडं तुटायची आणि मग पडदा निळा. "पयलीं बरें आशिल्लें," बाबली मला म्हणाला. "चित्र आजारी पडटालें, पूण मरनाशिल्लें. हें एकदम मरता."

चवथ जवळ आली तेव्हा वैनीच म्हणाली, "माड काडूंया."

"गौरेशाचो माड?"

"गौरेशाच्याच खातीर. माडाक तोंड ना. माका ताचें तोंड पळोवंक जाय."

बाबली दोन दिवस माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून होता. कामाला गेला नाही, बिडीसुद्धा ओढली नाही. मी म्हटलं, एक वर्ष थांब, काही तरी सुचेल. तो म्हणाला, तिला थांब म्हणून सांगायला मला तोंड नाही.

माड पाडायला यशवंत आला. तो त्या वाड्याचा पाडेली, माडावर चढून नारळ पाडणारा. पोराच्या नावाचा, नारळ धरणारा माड, म्हणून त्याचा हात उचलेना. "वैनी, पयलीं तूं हात लाय, मागीर हांव कोयतो लायतां," म्हणाला. वैनीने बुंध्याला कुंकू लावलं, फूल ठेवलं आणि दोन्ही हात खोडावर टेकून बराच वेळ उभी राहिली. घर जवळ असल्यामुळे यशवंतने माड वरून तुकड्या-तुकड्याने उतरवला. शेंड्याच्या आतला पांढरा कोंब गोड असतो. माड पाडला की तो शेजारीपाजारी वाटतात. त्या दिवशी कुणी घेतला नाही.

छत्रीला पूर्ण सिग्नल आला. इतकं स्वच्छ चित्र मी माझ्या दुकानातही पाहिलं नव्हतं. त्या घरात एवढा उजेड कधी नव्हता आणि मला तो बघवत नव्हता.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी बायकोबरोबर त्यांचा गणपती बघायला गेलो. गणपतीवर बांधलेल्या माटोळीची रानफळं डोक्यावर लटकत होती. आरतीला आलेली वाड्यावरची चार माणसं बसली होती. त्यांत साईशही होता, आता मिशीवाला, एका पोरीचा बाप. टीव्ही चालूच होता. सर्वणचं भजनी पथक अशी पाटी आली आणि वैनी खाली जमिनीवर, पडद्याच्या अगदी पुढ्यात जाऊन बसली. बाबली सवयीने दाराकडे निघाला, शिडी घ्यायला. मग त्याच्या लक्षात आलं की आता वर जायला नको. तो कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून बसला. पोराचं भजन बापाने पहिल्यांदा पाहिलं ते असं.

गाणारे दिसले. पेटीवाला दिसला. मग चित्र पखवाजवाल्यावर आलं. पांढरा सदरा, मान कलती. भुवईवरचा तीळसुद्धा दिसत होता.

तो गौरेश नव्हता.

पडद्यावर भजन जोरात चाललं होतं. वैनीने हात पुढे केला आणि काचेवर त्या तोंडाला लावला. मग मागे वळून मिशीवाल्या साईशकडे बघितलं.

"हो पखवाजवालो तूं न्हय रे?"

साईश मान वर करेना. खाली बघतच म्हणाला, "काकी, पणजेक देंवतना गौरेशाचीं बोटां टेंपोच्या दारांत चेंगरलीं. ताका वाजवंक जायना जालें. म्हाका बसयलो. तो झांजो घेवन म्हज्या फाटल्यान बशिल्लो. तुका सांगूं नाका म्हणून पथकाक, वाड्याक, सगळ्यांक शपथ घातली ताणें. तुवें सदरो इस्त्री करून दिल्लो न्हय..."

मागे बसला होता. साईशच्या बरोबर मागे. इतकी वर्षं वैनी ज्याला डोळे फाडून बघत होती त्याच्याच पाठीआड तिचं पोर बसलेलं होतं. चित्र चारी बाजूंनी फिरलं, गाणाऱ्यांवर गेलं, पेटीवर गेलं, मागच्या रांगेत गेलंच नाही. एकदा साईशच्या खांद्यामागे पांढऱ्या कापडाचा तुकडा हलला. वैनी पुढे झाली. पण तेवढाच.

गौरेशला आई काय समजली ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिच्या शेजारीच बसला होता तो. मुंग्यांच्या आडून ती "आमचो गौरेश" म्हणून ओरडली आणि त्याला तिचा तो आनंद मोडवला नाही. मला त्या क्षणी त्या मेलेल्या पोराची इतकी माया आली आणि त्याचा इतका राग आला की मला तिथे बसवेना.

वैनी रडली नाही. दारातून अंगणात बघत राहिली. तिथे बुंध्याचा गोल राहिला होता, त्यावर कुणी तरी चपला काढून ठेवल्या होत्या. मग बाबलीला म्हणाली, अगदी हळू,

"त्यो मुयो परत हाडूंक जातल्यो?"

बाबली उठला. छत्रीवर मुंग्या येत नाहीत. चित्र येतं किंवा येत नाही, मधलं काही नसतं. हे मला ठाऊक होतं आणि माझ्यापेक्षा त्याला ठाऊक होतं. मी म्हटलं, "बाबली, कौलांवर शेवाळ आहे, पडशील." त्याने ऐकलं नाही. शिडी लावली आणि त्या वयात वर गेला. त्याची पावलं आमच्या डोक्यावरून सरकत गेलेली आम्ही सगळ्यांनी ऐकली.

पडद्यावर साईश थबकला, त्याचे चौकोन झाले आणि पडदा निळा झाला. वैनी जाऊन जनेलापाशी उभी राहिली.

वरून हाक आली, "आयल्यो?"

"ना," वैनी म्हणाली.

त्याने बोटभर फिरवली असावी.

"आतां?"

"ना."