धाब्यावरची पांढरी

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की आमच्या गावच्या बैलगाड्या काठावरच्या टेकाडाकडे वळतात. पिंपळनेरच्या बाजूचं आमचं गाव. धाब्याची घरं आता थोडीच उरलीत, त्यांतलं एक आमचं. लाकडी छतावर त्या टेकाडाची पांढरी माती जाड अंथरून चोपली की पावसाचं पाणी खाली येत नाही. मागच्या पावसाळ्यात आमचं धाबं धान्याच्या कोठीवरच गळलं होतं, म्हणून यंदा माती घालणं भागच होतं.

मी धुळ्याहून सुट्टीला आले तीच अस्वस्थ. कॉलेजात सरांनी सांगितलं होतं, अशी पांढरी म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तीची राख, शेण, ढासळलेल्या भिंती. आम्ही दरवर्षी एक गाव उकरून डोक्यावर घेत होतो. पण आबांना, माझ्या वडिलांना, हे सांगायचं कसं? घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शहाणपणा मिरवते असं वाटेल, म्हणून मी त्यांच्यासोबत गाडीत माती भरत राहिले.

अर्धी गाडी भरली आणि आबांच्या कुदळीखाली मडक्याची गोलाई दिसली. मी हातानं माती सारली. दोन मडकी, आडवी, तोंडाला तोंड लावलेली. असंच चित्र वर्गात पाहिलं होतं. त्या काळी तान्हं मूल गेलं की असं मडक्यांत ठेवून घरातच जमिनीखाली पुरत.

"आबा, थांबा."

"काय व्हयनं?"

"त्यामा तान्हं पोर शे. मले वाटस."

"वाटस का माहीत शे?"

"वाटस," मी म्हणाले. खोटं बोलवेना.

आबांनी कुदळ बाजूला ठेवली. "आपलामा बी तान्हाले आग देतस नही, पुरतसच," ते म्हणाले. मी मोबाईल काढला तर म्हणाले, "पयले झाक त्याले." मी झाकलं, मग सरांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. मी पुन्हा लावला, पुन्हा लावला.

तेवढ्यात शेजारचे नाना त्यांची गाडी घेऊन आले. आबा मडक्यांच्या जागेजवळ बसलेले.

"पोर कालेजमा जास अन् बाप बसाले शिकस का काय?" नाना म्हणाले.

"आठे नको खंदू. तिकडथून ले."

"का? धन सापडनं?"

"पोर निजेल शे आठे."

नाना हसले, मग माझ्याकडे पाहून थांबले. त्यांनी बैल टेकाडाच्या दुसऱ्या टोकाला वळवले. पण ते टोकही त्याच गावाचं. त्यांच्या कुदळीचा प्रत्येक घाव मी ऐकत होते, पण थांबा म्हणायला गेले नाही. त्यांचंही धाबं गळत होतं.

शेवटी सरांचा निरोप आला: दोन दिवसांत येतो, तोवर कुणाला खणू देऊ नका. मी तो आबांना वाचून दाखवला. कुणाला म्हणजे कुणाकुणाला? मी कोण थांबवणारी?

आबा अर्ध्या भरलेल्या गाडीकडे बघत होते. "इतली माटी तं घर लई जाऊत ना?" त्यांनी मला विचारलं. आबांनी माझी परवानगी मागावी, हे मला सोसेना. नाही म्हणावं तर कोठीवर पाणी, हो म्हणावं तर माझं शिकणं कशाला? मी मान हलवली. हो अशी.

संध्याकाळी धाब्यावर आबा पाट्या ओतत होते. मी प्रत्येक पाटीत हात घालून खापऱ्या वेचत होते. तांबड्या, काही काळ्या रेघांच्या. माय हातात चोपणं घेऊन खोळंबली होती.

"आटप ना पोरी. कितलं निवडस? तांदूय शेत का ते?"

"आटपस," मी म्हणाले, पण हात भरभर चालेना. माती कोठीच्या वरच्या भागापुरतीच पुरली. उरलेल्या अर्ध्या धाब्यावर आबांनी ताडपत्री टाकली, कडांना दगड ठेवले आणि खाली उतरताना मला म्हणाले, "सकायमा लवकर ऊठ. नानाना आधी टेकाडवर पोचनं शे."