दाराबाहेरची खुर्ची

घरात सगळे तिला धाकटी म्हणत, आणि डोक्यात पांढरे केस डोकावू लागले तरी ते नाव बदलले नाही. शहरातील प्रत्येक बसथांब्यावर गाड्यांच्या वेळा दाखवणारे पडदे होते. ते पडदे ज्या संगणकाकडे सतत माहिती मागत, त्याचा प्रोग्राम सांभाळणे हे धाकटीचे काम. घरी तिचे वडील अंथरुणाला खिळलेले होते. त्यांच्या पायाची जखम चिघळली होती, आणि रोज पट्टी बदलली गेली तरच पाय वाचेल, असे डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत सांगितले होते.

त्या दिवसांत कार्यालयात एक तक्रार आली. आगारातील नियंत्रकाने एक गाडी रद्द केली, तरी पडद्यांवर ती येतच राहिली आणि माणसे थांब्यावर ताटकळली. धाकटीने प्रोग्राम उघडून पाहिला. माहितीवर एक कुलूप होते आणि त्याचा नियम साधा होता. वाचणारे पडदे कितीही असोत, सर्वांना एकदम आत प्रवेश मिळे. बदल लिहिणाऱ्याला, म्हणजे नियंत्रकाला, मात्र आत कोणीही नसेल तेव्हाच. परंतु पडदे इतके होते, की एक बाहेर पडण्यापूर्वी दुसरा आत आलेला असे. आतली जागा कधी रिकामी होतच नव्हती.

"म्हणजे लिहिणारा बिचारा दारातच उपाशी मेला," साहेब म्हणाले.

"आमच्या कामात उपासमारच म्हणतात त्याला," धाकटी म्हणाली.

"मग त्यालाच नेहमी आधी सोड की."

"आगारातून बदल सारखे येतात, साहेब. मग पडदे उपाशी मरतील. त्यापेक्षा रांग लावते. आला त्या क्रमानं. लिहिणारा दाराशी आला की नंतरचे सगळे त्याच्या मागं. आत असतील त्यांनी आपलं वाचन पुरं करून निघायचं."

"लाव बाई. पण बोलणी खायला मला पाठवू नकोस."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा पट्टी बदलायला आलेल्या नर्सबाई हातात पिशवी घेऊन बोळकांडीत उभ्या होत्या. खोलीत माणसे असताना जखम उघडायची नाही, हा त्यांचा नियम होता. आत आत्या बसल्या होत्या.

"पाचच मिनिटं हं, नर्सबाई," आत्या आतून म्हणाल्या. "दादाला जरा हसवते. तुमची पट्टी काय पळून जातेय?"

आत्या उठल्या तोवर मामा दारात चपला काढत होते. मामा बोलत असतानाच शेजारचे जोडपे आले. वडिलांना माणसांची हौस, ते प्रत्येकाला आग्रहाने बसवून घेत. नर्सबाईंना पुढच्या घरी जायचे होते.

"उद्या बघू," त्या म्हणाल्या. मग थोडे थांबून म्हणाल्या, "कालही मी हेच म्हणाले होते, नाही का?"

धाकटीने चहाचे कप गोळा केले. वडीलधाऱ्यांना दारात अडवायला तिची जीभ रेटत नव्हती. असे किती दिवस गेले, ते तिने मोजले नाही.

कार्यालयात नवे कुलूप सुरू झाले. नियंत्रकाने गाडी रद्द केली आणि ती पडद्यांवरून लगेच गेली. साहेबांनी टेबलावर थाप मारली. धाकटी पडद्याकडे पाहत राहिली. तिला बोळकांडीतल्या नर्सबाई दिसल्या. तिने पर्स उचलली आणि रजा सांगून घरी निघाली.

तिने स्वयंपाकघरातली खुर्ची आणून वडिलांच्या दाराबाहेर ठेवली.

"नर्सबाई या खुर्चीवर बसल्या की नवीन कोणी आत जायचं नाही," ती म्हणाली.

"आता भाचीच्या घरात नंबर लावायचा का आम्ही?" मामा म्हणाले.

"हो मामा. नर्सबाईंच्या मागं पहिला नंबर तुमचाच."

मामा हसले नाहीत, पण थांबले. आत होते ते बोलणे आटोपून निघाले, खोली रिकामी झाली आणि नर्सबाई आत गेल्या. बाहेर आल्यावर त्या बराच वेळ हात धूत राहिल्या.

"ताई, आता हे माझ्या हातात राहिलं नाही. दवाखान्यात न्या."

पाय गुडघ्यापासून काढावा लागला. धाकटीच्या डोळ्यांतून पाण्याचे टिपूसही आले नाही. ती कामावर गेली. साहेब म्हणाले, "तक्रार कायमची मिटली, छान काम केलंस." ती "हो" म्हणाली.

वडील घरी आले आणि पुन्हा माणसांची रीघ लागली. टाके ओले होते, म्हणून पट्टी होतीच. एके दिवशी आत्या आल्या, खुर्चीवर नर्सबाई दिसल्या, आणि त्या कोणी न सांगताच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"ही खुर्ची तेव्हाच ठेवायची होतीस गं," आत्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता.

"हो," धाकटी म्हणाली.

नर्सबाई उठून आत गेल्या. आतून वडिलांचा आवाज आला, "बाहेर कोण आहे? या की आत, बसा."

कोणी हलले नाही.