लाल डब्यापर्यंत

आमच्या दिंडोशीच्या बिल्डिंगमध्ये पूर्वी कचऱ्याचं सगळं कसं झकास होतं. सकाळी झाडूवाली मावशी मजल्यामजल्यावर यायची, दाराशी ठेवलेली काळी पिशवी उचलायची आणि जायची. त्या पिशवीत भाजीची देठं, दुधाच्या पिशव्या, फुटका कप, सगळं गुण्यागोविंदाने नांदायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याच मुठीत माझ्या सासऱ्यांचं गुपितही होतं.

बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर त्यांना डायपर लागायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. घरी आल्यावर मला एकटीला बोलावून एकच अट घातली, बिल्डिंगमध्ये कुणाला कळता कामा नये. मी केमिस्टकडून पाकीट आणायचे ते तांदळाच्या पिशवीत घालून. तळमजल्यावरच्या काकू एकदा म्हणाल्यासुद्धा, "किती गं भात खाता तुम्ही!" बाबांनी खाली कॅरम खेळायला जाणं सोडलं. पहिल्या मजल्यावरचे आजोबा, त्यांचे कॅरमचे जुने जोडीदार, दारात येऊन हाका मारून गेले. बाबा म्हणाले, गुडघे दुखतात. गुडघे ठणठणीत होते.

मग सोसायटीत नवा नियम आला. दारावरून कचरा उचलणं बंद. प्रत्येकाने आपापला कचरा गेटजवळ न्यायचा. ओला हिरव्या डब्यात, सुका निळ्यात आणि पॅड, डायपर, जखमेच्या पट्ट्या कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून, लाल डब्यात. नियम मला पटला होता. आमची ती सव्वा लाखाची मूठ मावशी खाली बसून हाताने उपसायची, ते मी खिडकीतून बघतच होते. पण डब्यांशेजारी काकू चिमटा घेऊन पहाऱ्याला उभ्या राहायला लागल्या. प्रत्येक पिशवी उघडून बघायच्या. आणि डबे ठेवले होते नेमके त्या कट्ट्यासमोर, जिथे बिल्डिंगमधले सगळे म्हातारे सकाळी पेपर वाचत बसतात. जागा निवडणाऱ्याला साष्टांग नमस्कार.

"मी नेते ना बाबा," मी म्हटलं.

"घरात ल्हान पोर नाय. मगे डायपर कोणाचो, ता समजूक लोकांका काय वेळ?" त्यांचं मालवणी रागावल्यावर जास्तच ठसठशीत होतं. "माझा मी बघतंय."

तेव्हापासून बाबा रोज सकाळी कापडी पिशवी घेऊन फिरायला जायला लागले. कोपऱ्यावर रस्त्याची कचराकुंडी होती, तिथे टाकून यायचे. मग ती कुंडी उचलली गेली. भिंत रंगवली, तिथे झाडं ठेवली, फार छान दिसायला लागलं. बाबा पुढच्या कुंडीपर्यंत जायला लागले. काही दिवसांनी तीही गेली. बाबांचं फिरणं लांबत गेलं, आणि माझा नवरा खूश. "बघ, तब्येत सुधारतेय त्यांची." काय सुधारतंय ते मला ठाऊक होतं.

एका सकाळी ते परत आलेच नाहीत. नवरा कामावर गेलेला, बाबांचा फोन घरातच. खाली दूधवाल्याने सांगितलं, कोर्टाच्या बाजूला जाताना दिसले. मी तशीच रिक्षात बसले.

कोर्टाच्या भिंतीला टेकून ते फुटपाथवर बसले होते. पिशवी मांडीवर, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. पँट भिजली होती. मला बघून त्यांनी पिशवी भिजलेल्या जागेवर ओढून घेतली.

"टाकूक जागाच खंय गावूक नाय गो," ते म्हणाले. एका सोसायटीच्या वॉचमनने हाकललंही होतं.

माझं डोकंच फिरलं. "मग टाकायचं होतं कुठेही! रस्त्यावर काय कमी घाण आहे?"

"रस्त्यार टाकूचा काय? कोणाक तरी ता उचलूचा लागतला मां?"

त्यांना रिक्षात बसवलं आणि तिथे मी बोललेच. "तुमची गिरणी बंद पडली तेव्हा तुम्ही ह्याच रस्त्यावर भाजीची गाडी लावलीत. तेव्हा नाही लाजलात. आता कसली लाज, बाबा?"

"ता काम होता गो. ह्या काय?" म्हणाले आणि तोंड बाहेर फिरवलं. मला रडू आलं, आणि त्या काकूंचाही भयंकर राग आला. उद्या मीच नेणार, बघू कोण काय विचारतं ते, असं मी बाबांना तिथेच बजावलं.

दुसऱ्या दिवशी मी उठून बघते तर बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तयार. हातात वर्तमानपत्राचं पुडकं, त्यावर एवढा मोठा लाल ठिपका.

"तू नेलंस तर लोक तुका इचारतले," ते म्हणाले. "माझी घाण. मीच घेवन जातंय."

मी मागोमाग जिने उतरले. कट्टा भरलेला होता. काकूंनी चिमटा पुढे केला. "काय आहे त्यात?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "डायपर. माझा आहे." सगळ्या कट्ट्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

पेपर खाली झाले. काकूंचा चेहरा पडला. त्यांनी चिमटा बाजूला ठेवला, हाताने लाल डब्याचं झाकण उचललं आणि हळूच म्हणाल्या, "टाका, भाऊ."

बाबा वळले. आता ते सरळ वर जाणार, असं मला वाटलं. तेवढ्यात कट्ट्यावरून कॅरमचे आजोबा ओरडले, "कुठला वापरतोस रे? माझा साला रात्रभर टिकतच नाही!"

बाबा बघतच राहिले. "तू पण?"

"नाहीतर काय! लेक येते ना गाडी घेऊन, तिच्या डिकीतून मुलुंडला पाठवतो सगळे. जावई वैतागलाय."

कट्टा खदखदून हसला. बाबाही हसले, डोळे पुसत हसले. कडेचे एक जण सरकले आणि बाबा तिथे बसले. मी एकटीच वर आले. बाबा कॅरम खेळून जेवायच्या वेळेला आले.

पुढच्या आठवड्यात मी केमिस्टकडे निघाले, तर बाबांनी हाक मारली. "दोन पाकिटां हाड. एक पयल्या माळ्यार देवचा आसा."

बरं, आणते म्हटलं आणि सवयीने दारामागची तांदळाची पिशवी काढली.

"ती आता कित्याक?" बाबा म्हणाले.