‘आता ते झोपतील’ : डॉ. कुसुम सोमकुंवर यांनी शिकवलेली पहिली ओळ

डॉ. कुसुम सोमकुंवर यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्यांनी माझे नावही विचारले नाही. सौसरच्या सरकारी दवाखान्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो आणि प्रशिक्षणासाठी मला पांढुर्ण्याला त्यांच्याकडे पाठवले होते. मी खोलीत शिरलो तेव्हा मॅडम एका वृद्ध रुग्णाच्या खाटेवर टेकून ओल्या गॉजच्या तुकड्याने त्यांची जीभ, हिरड्या आणि गालांची आतली बाजू पुसत होत्या. हे काम डॉक्टरने करायचे असते, असे मला तोवर कोणी सांगितले नव्हते. मी वही उघडून बाजूला उभा राहिलो.

“तोंड कोरडं पडलं की तुम्ही काय करता, डॉक्टर?” मॅडमनी मान वर न करता विचारले.

“पाणी पितो.”

“यांना उठता येत नाही, गिळताही येत नाही. मग?” त्यांनी गॉजचा दुसरा तुकडा माझ्यापुढे धरला. “वही ठेवा. हात धुऊन या.”

त्या दिवशी मी वहीत एकही ओळ लिहिली नाही, आणि तरीही तो माझ्या वैद्यकीय शिक्षणातला फार भरगच्च दिवस होता.

मॅडमच्या कार्याचे महत्त्व समजण्यासाठी ते कार्य नेमके काय आहे, हे आधी नीट मांडले पाहिजे. आजार बरा होण्याच्या पलीकडे गेला की ‘आता घरी न्या, सेवा करा’ असे सांगून दवाखाना आपले दार लोटून घेतो. पण घरी नेलेल्या माणसाचे दुखणे घरी जाऊन थांबत नाही. त्याला ओकाऱ्या होतात, पाठीला जखमा होतात, श्वास अपुरा पडतो, आणि ‘सेवा करा’ म्हणजे काय करायचे हे घरच्यांना कोणीच दाखवलेले नसते. ते दाखवणे, आणि वेदना माणसाला सोसवेल इतकी खाली आणणे, हे उपशामक सेवा (पॅलिएटिव्ह केअर) या वैद्यकशाखेचे काम. आजार हटवता येत नाही, त्रास मात्र हटवता येतो. इतके साधे तत्त्व सरकारी आरोग्यसेवेच्या अंगवळणी पाडण्यात मॅडमची उमेदीची वर्षे गेली.

आमच्या राज्याचा कारभार हिंदीत चालतो; मॅडमच्या खोलीच्या दारावरही सरकारी हिंदीत एक भारदस्त पाटी आहे. ती वाचून कोणी बुचकळ्यात पडून “बाई, हे कायची खोली हाय?” असे विचारले, तर बोरगावात वाढलेल्या मॅडम तिथल्याच बोलीत उत्तर देतात, “दुखणं उतरवाची.” त्यांचा बाह्यरुग्ण विभागही असाच लोकांच्या चालीने चालतो. तो त्यांनी हट्टाने बाजाराच्या दिवशी ठेवला. कारण विचारल्यावर म्हणाल्या, “घरात असा आजार आहे हे गावाला कळू नये, असं पुष्कळांना वाटतं. बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन निघालेल्या माणसाला कोणी विचारत नाही, कुठं चालला म्हणून.” मेथीच्या जुडीखाली औषधाची पुडी ठेवून घरी जाणारी माणसे मी तेव्हापासून ओळखू लागलो.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला, तो सांगतो. यात चूक माझी आहे.

रामाकोन्याच्या बाजूला नत्थूजी नावाचे वयस्कर गृहस्थ राहत. संत्र्याची कलमे बांधण्यात त्यांचा हात त्या भागात नावाजलेला. जंभेरी या रानटी लिंबाच्या रोपाला चीर देऊन तीत संत्र्याच्या फांदीवरचा डोळा बसवायचा, हे काम धारदार चाकूचे आणि स्थिर बोटांचे. त्यांच्या घरची पन्हेरी, म्हणजे संत्र्यांची रोपवाटिका, आता त्यांची सून सुनंदा सांभाळत असे. तिला डोळा बसवता येई; पण कोणता डोळा घ्यावा आणि कोणता सोडावा, याची पारख अजून कच्ची होती. ती या हंगामात तिला द्यायची, एवढेच नत्थूजींचे राहिले होते. कर्करोग मणक्यांपर्यंत पोहोचला होता. त्यांना आडवे होता येत नसे. घडी केलेल्या गोधड्यांना टेकून ते बसल्या जागी रात्र काढत, आणि सकाळी बाहेर खुर्चीवर बसण्याचेही त्राण उरत नसे. हंगाम मात्र सुरू होत होता.

मी त्यांना मॉर्फिन सुरू करायचे ठरवले. या औषधाविषयी आपल्याकडे एक पक्की समजूत आहे: ते सुरू झाले म्हणजे माणूस गेला. ती दूर करावी म्हणून मी सकाळी घरी गेलो आणि सगळे क्रमाने समजावले. गोळी किती वाजता द्यायची, दुखण्याची वाट का पाहायची नाही, पोट साफ राहण्याचे औषध सोबत का घ्यायचे, मळमळ झाली तर काय करायचे. सुनंदाकडून सगळे परत म्हणवूनही घेतले. पहिली गोळी माझ्यासमोर दिली आणि समाधानाने सौसरला परतलो.

दुपारी सुनंदाचा फोन आला. “साहेब, मामाजी जाऊन राह्यले. आत्याबाईनं खाली घेतलं.”

मरणासन्न माणसाला खाटेवरून उतरवून सारवलेल्या भुईवर घेण्याची आपली रीत सर्वांना ठाऊक आहे. मला पहिली शंका माझ्याच गोळीची आली. मात्रा जास्त झाली असेल का? सुदैवाने त्या दिवशी मॅडम सौसरलाच आल्या होत्या. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, “कोणी तोंडात काही घालू नका, आम्ही निघालो,” एवढेच सांगितले आणि गाडीत बसल्या.

अंगण माणसांनी भरले होते. आत नत्थूजी भुईवर उताणे, ओठांवर तुळशीचे पान. उशाशी त्यांच्या थोरल्या बहीण जनाबाई पाण्याचा चमचा घेऊन बसलेल्या. गावात कोणाची वेळ आली की आधी जनाबाईंनाच बोलावत. त्यांचा शब्द झाला की माणसाला खाली घ्यायचे, असा दंडक होता. आमच्या फोनने पाणी तेवढे थांबले होते, आणि त्याचा त्यांना राग आला होता.

“मरत्या मानसाच्या तोंडचं पानी तोडता तुम्ही?”

“आत्याबाई, एक मिनिट मले पाहू द्या,” असे म्हणत मॅडम भुईवर बसल्या. त्यांनी तुळशीचे पान हलकेच उचलले, नत्थूजींना कुशीवर वळवले, छातीकडे पाहत घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले, पापण्या उघडून बाहुल्या पाहिल्या. मग कानाशी वाकून चांगल्या ठणठणीत आवाजात हाक मारली, “नत्थूजी! ओ नत्थूजी!”

नत्थूजींनी एक डोळा उघडला. जमलेल्या माणसांवरून तो फिरवला. “कोन मेलं?”

“तूच ना रे बापा!” जनाबाईंच्या तोंडून निघून गेले.

“मी झोपून राह्यलो होतो. इतक्या दिवसांनी डोया लागला, तेबी तुमच्यानं पाहवलं नाही!”

अंगणात कोणीतरी फिस्सकन हसले. पण ते हसू फार टिकले नाही. पुढच्या गोळीची वेळ जवळ येत होती आणि जनाबाईंनी निकाल देऊन टाकला, “हे दवाई उचला घरातून. आज वाचला, उद्या नाही वाचनार.” घरातले सगळे त्यांच्या बाजूने होते. ते पाकीट परत गेले असते, तर नत्थूजी पुन्हा गोधड्यांना टेकले असते, आणि त्या पंचक्रोशीत हे औषध पुढे कोणी घरात घेतले नसते.

मॅडमनी वाद घातला नाही. त्या म्हणाल्या, “चूक आमची झाली. ते झोपतील, हे आम्ही सांगितलंच नाही.” ‘आमची’ हा शब्द त्यांनी किती सहज वापरला! सकाळी त्या घरात मी एकटाच आलो होतो.

मग त्या जनाबाईंकडे वळल्या. “आत्याबाई, तुम्ही किती मानसं खाली घेतली असतील?”

“मोजले काय मी?”

“म्हणून तुम्हालेच विचारते. जानाऱ्या मानसाचा श्वास कसा असते?”

जनाबाई सावरून बसल्या. एखाद्या अध्यापकाने सांगावे तसे सांगू लागल्या. श्वास मध्येच थांबतो, मग एकदम ओढला जातो. पाय थंड पडतात, नखं निळी होतात. हाक पोहोचत नाही.

“मंग भावाचे पाय पाहा.”

जनाबाईंनी पावलांना हात लावला. नखे दाबून पाहिली. म्हणाल्या, “गरम हायेत. हा त घोरून राह्यला होता.”

“आन् घोरत्या मानसाच्या तोंडात पानी घातलं त कुठं जाईल?”

जनाबाईंनी चमचा वाटीत ठेवला.

एक प्रश्न अजून उरला होता, आणि तो नत्थूजींनी विचारला. “बाई, ह्यानं माहा हात थरथरल काय?”

मॅडमनी त्यांना खोटा दिलासा दिला नाही. “तीन-चार दिवस झापड राहील. मंग ते उतरते आन् दुखणं खालीच राह्यते. नाही उतरली झापड, त मी औषध बदलीन. पण हे तीन दिवस चाकू हातात घ्याचा नाही.”

“आन् हंगाम?”

“हंगाम तीन दिवस थांबते. न झोपलेल्या मानसाचा हात कधी थिर राह्यला काय?”

नत्थूजींनी सुनेकडे पाहिले, मग बहिणीकडे. “दे,” ते म्हणाले. दुसरी गोळी जनाबाईंनी स्वतःच्या हाताने दिली.

परतताना गाडीत मॅडमनी मला सकाळी काय काय सांगितले ते विचारले. मी सगळी यादी म्हणून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकली. “यादी चांगली आहे. एक ओळ कमी आहे, ती सगळ्यात वर लिहा: आता ते झोपतील. कित्येक दिवसांची झोप साचलेली असते; दुखणं उतरलं की ती एकदम येते. आणि झोप कशी ओळखायची, हे घरात ज्याचा शब्द चालतो त्याला आधी शिकवा.” यापुढे त्या प्रसंगाबद्दल त्यांनी मला एक शब्दही ऐकवला नाही. आज आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक परिचारिकेला आणि डॉक्टरला पहिली गोळी देण्याआधी हीच ओळ शिकवली जाते.

पुढच्या आठवड्यात मी गेलो, तेव्हा नत्थूजी पन्हेरीत खुर्चीवर बसले होते. सुनंदा फांदी पुढे धरी आणि ते बोटाने दाखवत, “हा नाही. हा बी नाही, पोचट हाय. हा घे.” दोनदा त्यांनी चाकू स्वतः घेतला. तिसऱ्यांदा सुनंदाने त्यांना न विचारताच बरोबर डोळा निवडला, तेव्हा ते दुसरीकडे पाहू लागले. तो हंगाम त्यांना पुरता मिळाला. त्यानंतर त्यांची वेळ खरोखर आली, तेव्हा जनाबाईंनी पाय पाहिले, श्वास ऐकला आणि सुनंदाला फोन लावायला सांगितला. मणका दुखू न देता गोधडीसकट चौघांनी कसे उतरवायचे, हे मॅडमनी आधीच दाखवून ठेवले होते. नत्थूजी भुईवर आले ते कण्हल्याशिवाय.

रीत मोडायची नाही, रीतीतले दुखणे काढून टाकायचे, ही मॅडमची पद्धत मी त्या घरात शिकलो. लोकांचे ज्ञान अडाणीपणात जमा न करता त्याला आपल्या ज्ञानाशेजारी बसवायचे, हेही तिथेच शिकलो. आता आसपासच्या गावांतून जनाबाईंना बोलावणे आले, की त्या आधी आम्हाला फोन करतात: “पाय गरम हायेत. झोपला हाय. तुम्ही सवडीनं या.” त्यांचे निदान अजून एकदाही चुकलेले नाही.

मॅडमना साठ वर्षे पूर्ण झाली. त्यांना उदंड आयुष्य लाभो, प्रकृती निरोगी राहो आणि त्यांच्या हाताखाली आमच्यासारखे अनेक जण घडोत, ही त्यांच्या सर्व सहकाऱ्यांची मनःपूर्वक इच्छा मी येथे व्यक्त करतो. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाची वार्ता सांगायला मी जनाबाईंकडे गेलो होतो. ऐंशी ओलांडलेल्या जनाबाईंनी ‘साठी’ हा शब्द ऐकून हात उडवला आणि निरोप दिला तो असा: “तिले म्हना, साठी म्हंजे काही वय नसते. माही येळ आली की मले खाली घ्याले तिनंच याचं. तवर ना रिटायर व्हाचं, ना आजारी पडाचं.”

जनाबाईंची प्रकृती ठणठणीत आहे, हे मॅडमच्या माहितीसाठी आनंदाने नमूद करतो.