पोटरीतला गोळा आणि थांबण्याच्या जागा

"उजव्या पायाच्या रक्तवाहिनीत अडथळा आहे," डॉक्टरांनी सांगितले. त्या रक्तवाहिन्यांच्या सर्जन होत्या. टेबलाच्या या बाजूला मी आणि माझी पत्नी सुधा. फाइल तिच्या मांडीवर होती.

आजाराचे नाव पेरिफेरल आर्टेरियल डिसीज. पायाकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या आतून अरुंद होतात. चालताना पोटरीला जास्त रक्त लागते, ते पोचत नाही आणि गोळा येतो. निदान अँकल-ब्रेकियल इंडेक्सवरून झाले. या तपासणीत घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहतात. माझ्या उजव्या घोट्याचा फारच कमी भरला.

"सिगारेट?"

"अकरा वर्षांपूर्वी सोडली."

सुधाने मान डोलावली. डॉक्टर रिपोर्ट पाहत राहिल्या. "सगळं पाळूनही इतकं दुखतंय, म्हणजे अँजिओप्लास्टीचा विचार करावा लागेल." म्हणजे मांडीतून बारीक नळी घालून फुग्याने वाहिनी रुंद करायची. तूर्त त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि महिनाभर चालायला सांगितले. "दुखेपर्यंत चाला, थांबा, दुखणं गेलं की पुन्हा चाला. मोबाइल घरी ठेवा. कुठे दुखतं, कशानं जातं, एवढ्याकडेच लक्ष."

मी तीस वर्षे वृत्तपत्रात उपसंपादक होतो. एका सूत्रावर बातमी सोडायची नाही, ही सवय. रुग्णालयाच्या लिफ्टशेजारी अँजिओप्लास्टीच्या सवलतीचा फलक होता. तो मी दोनदा वाचला आणि दुसरे मत घ्यायचे ठरवले.

विश्रांतवाडीच्या हाडांच्या डॉक्टरांकडे एकटाच गेलो. दुसऱ्या सूत्राला पहिल्याचे म्हणणे कळू द्यायचे नाही, हाही धंद्यातला नियम. त्यामुळे पहिली फाइल घरी ठेवली. सिगारेटबद्दल तेच उत्तर दिले. त्यांनी कण्याचा एमआरआय केला आणि लंबर स्टेनोसिस सांगितले. कण्यात नसांना असलेली जागा अरुंद होते आणि चालताना पाय दुखतात. "बसलं किंवा पुढे वाकलं, की बरं वाटतं का?" त्यांनी विचारले. "थांबलं की बरं वाटतं," मी म्हणालो. त्यांनी पट्टा आणि व्यायाम लिहून दिले.

आता पाय एक आणि आजार दोन. एकाचे ऐकले तर कदाचित विनाकारण नळी घालून घ्यायची, दुसऱ्याचे ऐकले तर पट्टा बांधून बसायचे आणि पायाचा रक्तपुरवठा आणखी घटू द्यायचा. माझा विश्वास दोघांवरही नव्हता.

इथे एक नोंद आवश्यक आहे. सिगारेट मी सोडली नव्हती. मुलीला दमा सुरू झाला तेव्हा सुधाने शब्द घेतला होता. घरात सोडली. बाहेर दिवसाला चार. कपड्यांना वास येई तेव्हा ऑफिसात सगळे ओढतात, असे मी सांगत असे.

रोज सकाळी नारायण पेठेतून निघून नदीकडे उतरायचे, टपरीवर एक सिगारेट घ्यायची आणि चढाने परत यायचे, असा रस्ता ठरला. उतारावर गोळा उशिरा येई. चढावर तो कटलरीच्या दुकानासमोरच येई. मी काचेपाशी थांबे. चौथ्या दिवशी मालक बाहेर आले.

"काही घ्यायचंय?"

"नाही."

"मग काच तरी पुसून जा. रोज हात टेकवता."

मी जागा बदलली. थोडे अलीकडे रफिकभाईंचे छत्री-बॅगा दुरुस्तीचे दुकान होते. ते सुई चालवत मान वर न करता पाहत. पहिल्या दिवशी त्यांनी स्टूल पुढे केले, मी नको म्हणालो. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "साहेब, तुम्हाला बसायला लागतच नाही. उभ्या उभ्या दुखणं जातं. माझ्या मेव्हण्याचं कमरेचं होतं, तो वाकल्याशिवाय हलायचा नाही."

हा माणूस माझ्यावर पाळत ठेवतो आहे, हे मला आवडले नाही. सुधाने नेमला असेल, असेही मनात आले. पण निरीक्षण बरोबर होते. पुढचे आठ दिवस मी तेवढेच पाहिले. एकदाही बसलो नाही, वाकलो नाही. गोळा दोन-तीन मिनिटांत उभ्यानेच गेला. मोबाइल नव्हता, त्यामुळे दुसरीकडे पाहायची सोय नव्हती.

"पण रविवारी तुम्ही पुढे गेलात," रफिकभाई म्हणाले. "इथे थांबलाच नाहीत."

रविवारी टपरी बंद होती.

एका रविवारावरून काही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण उरलेल्या चढावर दुसराच प्रश्न समोर आला. सगळ्यांवर संशय घेणारा माणूस स्वतः अकरा वर्षे बायकोला आणि आता दोन डॉक्टरांना एकच खोटे उत्तर देत होता. अँजिओप्लास्टी हा रुग्णालयाचा डाव ठरला असता, तर सिगारेटचा विषय निघालाच नसता. मला तेच हवे होते.

पुढच्या भेटीला दोन्ही फायली नेल्या. सुधा शेजारी होती. सिगारेटचे आणि उभ्यानेच जाणाऱ्या गोळ्याचे, दोन्ही मी सांगितले.

डॉक्टर रागावल्या नाहीत. "कण्याची झीज या वयात बऱ्याच जणांत दिसते. पण न बसता, न वाकता उभ्याने जातं, म्हणजे तुमचं दुखणं वाहिनीचंच आहे. पण सिगारेट चालू आहे हे कळलं असतं, तर अँजिओप्लास्टीचं नावच आधी काढलं नसतं. ओढत राहिलात तर उघडलेली वाहिनी पुन्हा बंद होण्याची भीती असते. आधी सिगारेट बंद. तीन महिने चाला."

म्हणजे ज्या शस्त्रक्रियेचा मला संशय होता, तिच्याकडे मला माझ्याच उत्तराने नेले होते.

रिक्षातून घराशी उतरल्यावर सुधा म्हणाली, "अहो, मुलीला त्रास नको म्हणून वासाचे ते शर्ट मी वेगळे भिजवत होते. ऑफिसच्या लोकांना शिव्या देत." दोन दिवस घरात कामापुरतेच बोलणे झाले.

तीन महिने संपले. आता तो चढ मी एका दमात चढतो. गोळा येतो, पण पुढे, चौकाजवळ. अँजिओप्लास्टी टळली असे नाही, तूर्त गरज नाही. ज्यांच्या पोटरीत असा गोळा येतो त्यांनी तो बसून जातो की उभ्याने, हे पाहून ठेवावे. डॉक्टर हवे तर बदलावेत, फाइल लपवू नये. रफिकभाईंचे आभार मी मानले. ते म्हणाले, "आता छत्री तरी दुरुस्तीला आणा."

सकाळी चालून आलो की सुधा दारात उभी असते. माझा उजवा हात धरते, दोन बोटे नाकाशी नेते आणि मगच बाजूला होते. मी हात स्वतःहून पुढे करतो.