वाया जाऊ नये म्हणून

परळच्या एका प्रयोगशाळेत मी रेणूंचे ब्रश बनवतो. बाटली धुवायचा ब्रश असतो ना, तसाच. मधे एक लांब कणा, त्यावर दाट केस. फक्त डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे घरी सांगायची सोय नाही.

कणा शेजारच्या टेबलवरच्या मैत्रिणीने अख्खा पावसाळा घालवून बनवला होता. महिन्याअखेर तिला प्रबंध द्यायचा होता आणि शेवटचं प्रकरण याच ब्रशवर अडलं होतं. मी फक्त केस वाढवायचे आणि वेळेत थांबायचं.

थांबायचं, तीच गोम. सगळे केस एका चालीने वाढतात, पण जास्त वाढू दिले तर शेजारशेजारच्या ब्रशांचे केस एकमेकांत कायमचे जोडले जातात. म्हणून कच्चा माल जेमतेम थोडा वापरला गेला की फ्लास्कमध्ये हवा सोडायची. प्रक्रिया तिथेच बंद. उरलेला माल फेकायचा.

फेकायचा? मी लालबागच्या चाळीत वाढलो. आमच्याकडे आमटीचं पातेलंसुद्धा भाताने पुसून खातात. स्वतः शुद्ध केलेला एवढा माल ओतून द्यायला माझा हात होईना. म्हटलं, जेवून येऊ, तोवर अजून थोडा लागेल. जेवणावर चहा झाला, चहावर गप्पा झाल्या.

परत आलो तर आतला ढवळणारा चुंबक जागच्या जागी रुतलेला आणि फ्लास्कमध्ये हिरवट खरवस. मग मी अक्कल चालवली. पातळ करावं म्हणून त्यात द्रावक ओतला. खरवसाने तो सगळा पिऊन घेतला आणि फुगून दुप्पट झाला.

मैत्रीण आली. तिने फ्लास्क उलटा धरला. थेंब पडला नाही.

"बाजूला कणा किती ठेवलायस?"

"सगळाच घातला."

"सगळा?" ती अगदी शांतपणे म्हणाली. "आणि तू काय वाचवत होतास रे?"

किती टक्के माल फुकट गेला असता, ते मी समजावायला लागलो. ती हातमोजे काढून निघून गेली. तिचा प्रबंध पुढच्या सत्रावर गेला. आमच्या मार्गदर्शक सरांनी मला बोलावून विचारलं, की तुला घड्याळ बघता येतं ना.

आता कणा मी बनवतोय, ही तिची अट. पहिला आखूड निघाला. दुसऱ्यात हवा शिरली. तिसऱ्याच्या तपासणीचा आलेख काल तिच्यापुढे ठेवला. तिने तो बराच वेळ पाहिला आणि माझ्याकडे सरकवला.

"पुन्हा कर."